टीव्ही बंद होता की कॅमेरा?



१३ मे २०२४, सोमवार. बारामती लोकसभेचं मतदान ७ मे रोजीच उरकलं होतं. मतदान यंत्रं गोदामात कुलूपबंद होती. पहारा होता, कॅमेरे होते, आणि कॅमेऱ्यात काय दिसतंय ते उमेदवारांच्या माणसांना बघता यावं म्हणून टीव्ही होता. त्या सकाळी टीव्ही काळा झाला. सुप्रिया सुळे यांनी जाहीरपणे विचारलं, गोदामातला सीसीटीव्ही ४५ मिनिटं बंद कसा? निवडणूक निर्णय अधिकारी कविता द्विवेदी यांच्याकडून खुलासा आला की विजेचं काम चालू असताना डिस्प्लेची केबल थोडा वेळ काढली होती, कॅमेरे चालूच होते आणि चित्रण सुरक्षित आहे. ४ जूनला निकाल लागला, सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या, आणि तो वाद तिथेच विरला.

राजकारण बाजूला ठेवा. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. कॅमेरा, रेकॉर्डर आणि टीव्ही या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यातली कुठली बंद होती यावर अख्खा वाद उभा होता. आपल्यातल्या किती जणांना हा फरक माहीत असतो? बारामतीत भिगवण रोडला जा, नाहीतर इंदापूरच्या बाजारपेठेत. काउंटरच्या वर टीव्ही, टीव्हीत चार चौकोन, चौकोनात दुकान. मालक निवांत. टीव्ही चालू म्हणजे सगळं चालू! प्रत्यक्षात आतली हार्ड डिस्क सहा महिन्यांपूर्वीच मेलेली असू शकते. डिस्क गेली की डीव्हीआर बीप-बीप ओरडतो, गिऱ्हाइकाला त्रास होतो म्हणून कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तो आवाज बंद करतं, आणि चार चौकोन मात्र छान दिसत राहतात. चोरी झाल्यावर मागचं बघायला जावं तर काहीच नाही.

इंजिनिअर आहे म्हटल्यावर लोक मला विचारतात, "कॅमेरा कुठला घेऊ?" मी म्हणतो, आधी हे सांगा की तुम्हाला बघायचंय की साक्ष ठेवायचीय. ही दोन कामं वेगळी आहेत. आपल्या भागात पहाऱ्याचा जो इतिहास आहे, त्यात हा फरक लोकांना आपल्यापेक्षा जास्त स्वच्छ कळत होता. म्हणून आजचा भाग.

१८१८ ला पेशवाई संपली. दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला, आणि १८१९ मध्ये त्याने या मुलखाबद्दल मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं वर्णन आहे. कुठे हे काम महार करत, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. रात्री पहारा द्यायचा, गावात कोण आलं कोण गेलं ते टिपायचं, अनोळखी माणूस दिसला तर पाटलाला कळवायचं, गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक माहीत ठेवायची. इथपर्यंत आपल्याला अपेक्षित असतं तेच. खरी मजा पुढे आहे.

चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला आणि पुढच्या गावात शिरला, तर त्या गावच्या जागल्याला बोलावून दाखवायचा. त्याची खात्री पटली की याची जबाबदारी संपली, त्याची सुरू झाली. तो पुढे माग काढणार, पुढच्या शिवेवर पुढच्याला देणार. आणि ज्या गावात माग शेवटचा पक्का लागला, त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई करायची. आधी जागल्याने त्याच्या ऐपतीप्रमाणे, उरलेली साऱ्या गावाने.

थांबून विचार करा जरा. यात "मी बघितलं" याला फारशी किंमत नाही. किंमत आहे ती मागाला, म्हणजे नोंदीला. ती नोंद दुसऱ्या गावच्या, विरुद्ध हितसंबंध असलेल्या माणसाला पटवून द्यावी लागते, कारण ती पटली तर भुर्दंड त्याच्यावर येणार. आणि एका हातातून दुसऱ्या हातात देताना दोघं जण जागेवर हजर असतात. आज कोर्टात पुराव्याबद्दल हेच विचारतात: कोणाकडून कोणाकडे गेला, मध्ये कोणी हात लावला का. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रत्येक सर्व्हरचा लॉग ठेवतात तो याचसाठी.

ही व्यवस्था फार गोड होती असं मी म्हणणार नाही. जागल्याला मिळायचं ते घरटी मूठभर धान्य, आणि चोरी सापडली नाही तर भरायचं त्यानेच. पुढे इंग्रजी अमलात रामोशांचे जुने हक्क गेले. शेजारच्या पुरंदरमध्ये उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी झाली. १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आला, ज्यात जन्मानेच माणसावर शिक्का बसायचा आणि पोलिसांकडे हजेरी लावावी लागायची. तो कायदा १९५२ ला गेला. रामोशी समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्यावरून काय ते समजा. शतकानुशतकं जे पहारा देत होते, त्यांच्यावरच पहारा बसवला गेला. कॅमेरा कुणाच्या दाराकडे तोंड करून लावताय हा प्रश्न नवा नाही, एवढंच.

आता मशीनकडे येऊ. बंद सर्किटचा पहिला कॅमेरा लागला तो १९४२ मध्ये, जर्मनीत पेनेम्युंडे इथे. व्ही-२ रॉकेट उडताना जवळ उभं राहणं म्हणजे मरण, म्हणून वॉल्टर ब्रुख या इंजिनिअरने कॅमेरे लावून लांबून बघायची सोय केली. लक्षात घ्या, तो कॅमेरा काहीही साठवत नव्हता. फक्त दाखवत होता. घरासाठीची कल्पना अमेरिकेत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सची. रात्री-अपरात्री दार वाजलं की कोण आहे ते पलंगावरून दिसावं म्हणून तिने आणि नवऱ्याने यंत्रणा केली, १९६९ ला पेटंट मिळालं. तिथेही मुद्दा बघण्याचाच.

साठवणं आलं ते टेपबरोबर. आणि टेपबरोबर काटकसरही आली, कारण तीच टेप पुन्हा पुन्हा वापरायची. घासून घासून चित्र भुतासारखं व्हायचं. १९९६ ला स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने इंटरनेटला जोडता येणारा कॅमेरा आणला, त्याच सुमारास डीव्हीआर आले, टेपची जागा हार्ड डिस्कने घेतली. काटकसर मात्र गेली नाही. तिचा हिशोब पुढे करतोच.

आधी पुण्याची गोष्ट. १३ फेब्रुवारी २०१०, कोरेगाव पार्कची जर्मन बेकरी. स्फोटात १७ माणसं गेली. तपासात सीसीटीव्हीचं चित्रण मोठा धागा ठरलं. त्या चित्रणातला माणूस हाच, असं सांगून मे २०१० मध्ये मंगळूर विमानतळावर एका तरुणाला पकडलं. देशभर बातम्या झाल्या. स्फोटाच्या आरोपपत्रात मात्र त्याचं नाव आलंच नाही, कारण तो त्यातला नव्हता. चित्रण असूनही चेहरा पक्का सांगता येत नसेल तर एखाद्या भलत्याच माणसाचं आयुष्य उलटंपालटं होतं. तुमच्या दुकानातल्या चोरीतही हेच होऊ शकतं. धूसर चित्र बघून "हा तर अमक्याचा पोरगा" असं गाव ठरवून मोकळं होतं, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं.

म्हणून पहिला तांत्रिक मुद्दा, आणि यावर मी थोडा रेंगाळणार आहे. माणूस आहे हे कळणं आणि माणूस कोण आहे हे कळणं यात फार अंतर आहे. यासाठी आंतरराष्ट्रीय मानकच आहे: अनोळखी माणसाची ओळख पक्की करायची तर चित्रात दर मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल हवेत. नुसतं कोणीतरी आहे एवढंच कळायला २५ पुरतात. आता नेहमीचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल. भागा २५० ने. साडेसात मीटरच्या वर थोडं. म्हणजे जिथे चित्रात एवढीच रुंदी मावते, तिथपर्यंतच चेहरा ओळखू येणार. नेहमीची २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स असेल तर हे अंतर कॅमेऱ्यापासून जेमतेम ३ मीटर पडतं. तीन! आणि आपण तो लावतो स्लॅबच्या कोपऱ्यात पंधरा फुटांवर, अख्खं अंगण दिसावं म्हणून. अंगण दिसतं. चोराची टोपी दिसते. चेहरा नाही दिसत.

जुन्या वाड्यांचं दार आठवा. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. असल्या जागांचा सगळा विचार दरवाज्याभोवती असायचा. मोठ्या दाराला छोटी दिंडी, त्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून. पहारेकऱ्याला सगळीकडे बघायची गरजच उरत नाही, चेहरा त्याच्यासमोर येतो. कॅमेऱ्याचंही तसंच करा. आठ कॅमेरे छताला टांगण्यापेक्षा एक कॅमेरा जाण्या-येण्याच्या तोंडाशी, सात-आठ फुटांवर, चेहरा समोरून येईल असा. बाहेरून आत येणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असतं, त्यामुळे चेहरा काळा पडतो. ते सांभाळणारी सोय असलेला कॅमेरा त्या जागेपुरता तरी घ्या, पैसे वसूल होतात. बाकीचे कॅमेरे साधे चालतील. रात्रीचं चित्र मात्र स्वतः रात्री उभं राहून तपासा. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि महिन्याभरात कॅमेऱ्यासमोर जाळं. झाडू फिरवत राहणं याला पर्याय नाही.

आता तो काटकसरीचा हिशोब. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो असं धरा. दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे, ८६ जीबीच्या आसपास. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, मग जुनं पुसून नवं. तुमच्या खताच्या गोदामात महिन्यातून एकदा मालाची मोजदाद होत असेल, तर पंधरा दिवसांपूर्वी गेलेलं पोतं कुठून सापडणार? म्हणून आधी स्वतःला विचारा, चोरी झालेली मला किती दिवसांत कळते? त्याच्या दुप्पट दिवस साठतील एवढी डिस्क घ्या, आणि ती कॅमेऱ्यांसाठी बनवलेली घ्या, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली नको. तुलनेसाठी सांगतो, डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने देशातल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितले तेव्हा साठवण १८ महिन्यांची मागितली, आणि कमीत कमी एक वर्ष.

डीव्हीआर कुठे ठेवायचा? काउंटरखाली सोडून कुठेही. "चोरटे जाताना डीव्हीआरही घेऊन गेले" हे वाक्य आपण पेपरात कितीदा वाचतो! माळ्यावर, मागच्या खोलीत, लोखंडी पेटीत, पण हवा खेळेल अशा जागी. वायर भिंतीवर उघडी लोंबू देऊ नका, थ्री प्लस वन असो की लॅनची केबल, पाइपातून न्या. दारातून हात वर करून ओढता येणारी वायर म्हणजे चोराला दिलेलं बटण. लाइट गेल्यावर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर तिन्ही चालतील असा यूपीएस हवा. बरेच जण नुसता डीव्हीआर यूपीएसवर घेतात आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस साध्या बोर्डावर. मग लाइट गेली की डीव्हीआर इमानदारीत काळोख रेकॉर्ड करतो.

रानातलं गणित निराळं. इंदापूरकडे डाळिंबाची बाग, शेततळं, विहिरीवरची मोटर, केबल, हे सगळं वस्तीपासून लांब. शेतीची लाइट पाळीने येते. तिथे सोलरवर चालणारा, सिमकार्डचा कॅमेरा बरा. पण त्याचं चित्रण त्याच्याच आतल्या मेमरी कार्डवर असतं, कॅमेरा काढून नेला की साक्षीदारही गेला. त्यामुळे क्लाउडची सोय घ्या किंवा दोन कॅमेरे असे लावा की एक दुसऱ्याकडे बघेल. रेंज आधी तपासा, उन्हाळ्यात नाही, ऊस उंच झाल्यावर.

पासवर्डबद्दल थोडक्यात, कारण यावर वेगळा भाग होईल. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण लोकांनी कंपनीचा पासवर्ड बदललाच नव्हता. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच फौजेच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. फार लांबचं वाटतंय? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. बसवणारा भाऊ बऱ्याचदा स्वतःच्याच मोबाइलवर तुमचं खातं उघडतो आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देतो. काम संपलं की त्याच्यासमोर पासवर्ड बदला, मुख्य खातं तुमच्या नंबरवर घ्या. चांगला माणूस रागावणार नाही. नवीन घेताना सरकारी सुरक्षा चाचणीतून गेलेलं मॉडेल मागा, ९ एप्रिल २०२५ पासून ती सक्तीची आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. समजा चित्रण आहे, स्वच्छ आहे, चेहरा आहे. पुढे काय? इथे जालन्याचा खटला सांगायलाच हवा.

२०१४ ची विधानसभा. जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल यांचं म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर आला. मुदत होती २७ सप्टेंबर, दुपारी ३. आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे चालू होते. म्हणजे आमदारकीचा निकाल कॅमेऱ्यात होता! पण कायदा सांगतो, इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं प्रमाणपत्र हवं. सीडी मिळाल्या, प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला. प्रमाणपत्र लागणारच, मूळ यंत्रच कोर्टात आणून मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. पण ज्याने मागायचं तेवढं मागितलं आणि अधिकाऱ्यांनीच दिलं नाही, त्याला त्याची शिक्षा नको. खोतकरांचं अपील फेटाळलं. तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. देशभरातल्या कोर्टांत आज सीसीटीव्हीचा विषय निघाला की जालन्याच्या या खटल्याचं नाव निघतं.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुनाच दिलाय, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी अंगठा पूर्ण बदलतो. शिवेवर दोन जागल्यांनी उभं राहून "माग हाच" म्हणायचं, ते काम आता हा आकडा करतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तो काढायला वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही.

त्यामुळे चोरी झाली तर टीव्हीसमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढू नका. म्हणजे गावाला सावध करायला काढा, पण तो पुरावा नव्हे. डीव्हीआरवरचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ दोन्ही एका फोटोत घ्या, कारण डीव्हीआरची वेळ हमखास मागे-पुढे असते आणि ती किती ते नंतर सांगता येत नाही. चित्रण मूळ स्वरूपात पेन ड्राइव्हवर काढा, चोरीच्या आधीचा आणि नंतरचा तासभर धरून. लगेच हॅश काढून लिहून ठेवा. डीव्हीआरचा लॉगही काढा. लाइट कधी गेली, कुठल्या कॅमेऱ्याचा सिग्नल कधी तुटला, कोण कधी लॉग-इन झालं, हे त्यात असतं. कॅमेरा बंद पडला की टीव्हीची केबल निघाली, हा फरक लॉगमध्ये कळतो. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर पंचनाम्यात त्याचा नंबर लिहिलाय का ते बघा.

प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, म्हणजे तुम्ही. भाग ब तज्ज्ञाने. भाग अ मध्ये यंत्राची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर विचारतात. डीव्हीआर चोरीला गेला किंवा जळाला की हे आठवत नाही. म्हणून बसवणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि ते बिल डीव्हीआरच्या पेटीत ठेवू नका.